बॅशफुल की बुजरी?

उमरगा

प्रिय सखे,

लेकीच्या प्रगतिपुस्तकातला 'बॅशफुल' हा शेरा वाचून तू दोन दिवस जेवली नाहीस, हे कळल्यावर मला राहवेना. म्हणून शिकवणीची मुलं घरी गेली तशी लिहायला बसले.

आधी धीर धर. पोर मठ्ठ आहे, घुमी आहे असं बाईंना म्हणायचं असतं, तर त्यांनी दुसरा शब्द काढला असता. बॅशफुल या शब्दात माया आहे. कौतुक झालं की मान खाली घालून गालातल्या गालात हसणाऱ्या माणसाला तो लावतात. डिस्नेच्या १९३७ सालच्या 'स्नो व्हाइट' चित्रपटातल्या सात बुटक्यांपैकी एकाचं नावच बॅशफुल आहे. कुणी नुसतं बघितलं तरी तो लालेलाल होतो.

माझ्या शिकवणीतल्या एका मुलाने 'बॅश' म्हणजे ठोसा हे ऐकून बॅशफुल म्हणजे मारकुटा असा अर्थ लावला होता. मला त्याचं कौतुक वाटलं, कारण त्याने शब्द फोडून पाहिला. फक्त हा बॅश तो नव्हे. हा आलाय 'अबॅश'वरून, पुढचा 'अ' गळून. त्याचं मूळ जुन्या फ्रेंचमध्ये आहे आणि अर्थ आहे तोंडाचा आ वासणं! म्हणजे आधी माणूस अवाक झाला, मग ओशाळला आणि शेवटी लाजला.

'कॉय' हा शब्द मात्र लेकीला कुणी लावला तर खपवून घेऊ नकोस. त्यात लटकं लाजणं येतं, थोडा नखरा येतो. 'डिफिडंट' म्हणजे स्वतःवर भरवसा नसलेला. पूर्वी त्याचा अर्थ दुसऱ्यावर भरवसा नसलेला असा होता. पुढे तो अविश्वास आत वळला.

मला सगळ्यांत आवडतो तो साधा 'शाय'. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ चटकन दचकणारा असा होता आणि घोडा बिचकून बाजूला उडाला की इंग्रजीत आजही हेच क्रियापद वापरतात. आता आपला 'बुजरा' आठव. आपल्याकडे हमरस्त्यावर हैदराबादकडचा ट्रक कर्कश हॉर्न वाजवत गेला की बैल कसा बुजाडतो! कान टवकारतो, मान ताठ करतो, सगळ्या अंगावर शहारा. दोन भाषांनी लाजणाऱ्या माणसासाठी शब्द शोधला तो गोठ्यातच.

यंदाच्या येळवसेला, म्हणजे वेळ अमावस्येला, हे डोळ्यांनी पाहिलं. पुण्याची भाची आली होती, सहा वर्षांची. रानात कडब्याची कोप, पूजा, भज्जी, उंडे, आंबिलीचं बिंदगं, पाच-पंचवीस माणसं, त्यातली निम्मी अनोळखी. ती जी माझ्या पदराआड शिरली ती निघेना. शेजारच्या रानातल्या आजी कानडी बोलणाऱ्या. त्या मायेने म्हणाल्या, "नाच्कोबेड!" कानडीत 'नाचु' म्हणजे लाजणं. लाजू नको, असं त्या म्हणत होत्या. भाची मात्र कळवळून मला म्हणते, "आत्या, मला नाचायचं नाहीये!" मी आजींना सांगितलं तशा त्या पोटभर हसल्या, आणि तिला पुन्हा हाक न मारता तिच्यापासून हातभर अंतरावर उंडा कुस्करत बसून राहिल्या. बुजाडलेल्या बैलाजवळ जाणता माणूस असाच उभा राहतो, कासरा न ओढता. जरा वेळाने भाचीने आपणहून वाटी पुढे केली.

तेव्हापासून मनात घोळतंय. 'ती शायच आहे' असं पाहुण्यांसमोर चारदा म्हटलं की ते पोरीच्या अंगाला चिकटतं. 'बुजली' म्हटलं की ते तेवढ्या वेळेपुरतं राहतं. बुजलेलं सावरतं. मी शिकवणीत आता कुठल्याच मुलाला शाय म्हणत नाही.

एका शब्दाला मात्र इंग्रजीत नेमकी जोड मला अजून सापडलेली नाही: भिडस्त. समोरच्याचं मन मोडवत नाही म्हणून नाही म्हणता न येणारा. भीड भिकेची बहीण, असं आपली माणसं बजावत आली, तरी भिडस्त माणसाबद्दल बोलताना त्यांचा आवाज मऊच होतो. तू स्वतः तशी आहेस. कॉलेजात तुझ्या वह्या कायम दुसऱ्यांकडे असायच्या आणि परीक्षेच्या आदल्या रात्री तू माझ्या वहीवर अभ्यास करायचीस. तेव्हा लेकीच्या बाईंना भेटशील तेव्हा भीड धरू नकोस. एवढंच विचार, की पोर वर्गात बुजते ती कधी? सगळ्यांसमोर उभं करून बोलायला लावल्यावर, की मधल्या सुटीतही? आणि बाईंचं उत्तर मला लगोलग कळव.

येळवस डिसेंबर-जानेवारीतच येते. सुटीशी जमलं तर लेकीला घेऊन ये. आजींना मी सांगून ठेवलंय.

तुझीच,
शिकवणीवाली