गोठ्यातला विसावा

घराच्या पुढच्या दाराशी आपण पाहुण्यांचे स्वागत करतो आणि मागच्या दाराशी नको झालेल्या वस्तूंचा ढीग रचतो. निर्मळ परिसरातील आमच्या वाडीतला जुना गोठा हा असाच मागच्या दाराचा आश्रित होऊन बसला होता. मोडकी सायकल, गंजलेले डिझेल इंजिन, रहाटाचे फुटके पोहरे, कुजलेले झाप, कधीतरी उपयोगी पडतील म्हणून ठेवलेल्या आणि कधीच उपयोगी न पडलेल्या शंभर वस्तू त्याच्या पोटात सुखेनैव नांदत होत्या.

हा गोठा आमच्या आजोबांनी 1958 साली बांधला. लांबी बावीस फूट, रुंदी बारा फूट. ताडाचे वासे, सागाचे खांब आणि वर मंगळुरी कौले. तीन म्हशी आणि रहाट ओढणारे एक जनावर येथे बांधलेले असे. त्या काळी वसईच्या वाड्यांतून केळी, पानवेली आणि फुले पिकत. भाजी, फुले आणि दूध आगगाडीने मुंबईस जाई. आमच्या वडिलांचा दिवस पहाटे तीन वाजता या गोठ्यातच उजाडे. अंथरुणात पडल्या पडल्या चरवीत पडणाऱ्या धारेचा आवाज ऐकून आम्ही पुन्हा डोळे मिटत असू. पुढे विजेचा पंप आला आणि रहाट थांबला. विहिरीचे पाणी मचूळ होऊ लागले तशी वाडी आक्रसली. आम्ही भावंडे मुंबईच्या कचेऱ्यांतून नोकरीस लागलो. 1996 साली शेवटची म्हैस विकली. त्या दिवशी वडिलांनी गोठ्याच्या दाराला साखळी घातली आणि त्यानंतर ते त्या उंबऱ्याच्या आत गेले नाहीत.

गोठ्याचे काय करायचे, हा प्रश्न आमच्याकडे अधूनमधून निघे. "पाडून टाका आणि चार खोल्या काढा, घरबसल्या भाडे येईल," असा सल्ला आप्तेष्टांनी दिला. खोटे कशाला बोलावे? दोन रात्री कागदावर आकडेमोड करून त्या भाड्याचा हिशेब आम्हीही मांडला होता. तो कागद आम्ही फाडला याचे श्रेय 2020 सालच्या टाळेबंदीस द्यावयास हवे. घरात सहा माणसे, प्रत्येकाच्या हाती मोबाईल, आणि भिंतींना कंटाळून बाहेर पडावे तर बसायला जागा नाही! अंगणात दुपारी ऊन, पावसाळ्यात चिखल. ज्या घरात एके काळी चार जनावरांना सावलीची हक्काची जागा होती, त्या घरात माणसांना नव्हती. तेव्हा ठरले, की गोठा पाडायचा नाही. जुनी मापे आणि जुने छप्पर कायम ठेवून तो दुरुस्त करायचा आणि तेथे बसायची जागा करायची. 2023 च्या एप्रिलमध्ये आम्ही ती साखळी काढली. वडील ओटीवरून पाहत होते. एवढेच म्हणाले, "जनावरांच्या जागेत माणसे बसणार? बसा."

रिकामा केल्यावर गोठ्याचे खरे दुखणे दिसले. खांब वरून धडधाकट, पण बुडाशी वाळवीने पोखरलेले. सुताराने प्रत्येक खांबाचा कुजलेला भाग हातभर कापून काढला आणि त्याखाली काळ्या दगडाचे तळखडे बसवले. लाकूड मातीपासून सुटले म्हणजे ओल आणि वाळवी दोहोंचीही वाट अवघड होते. कौले उतरवून धुतली, फुटकी बदलली आणि पुन्हा शाकारली. ही एकात एक अडकणारी कौले बाझेल मिशनच्या लोकांनी 1865 साली मंगळूरला कारखाना काढून घडवायला सुरुवात केली आणि पश्चिम किनाऱ्यावरची घरे त्यांनी लाल करून टाकली. दोन कौलांच्या फटीतून तापलेली हवा निघून जाते, म्हणून मे महिन्यातही त्यांच्याखाली बसवते. उलट, मागच्या बाजूस ठिगळ म्हणून घातलेले ऍस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे आम्ही घणाने फोडायला निघालो होतो. चिरंजीवांनी वेळीच हात धरला. त्या पत्र्यातील सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुप्फुसात गेले तर कर्करोग होऊ शकतो. तेव्हा पत्रे भिजवून, न तोडता, अखंडच खाली उतरवले. ज्यांच्या परसात असे जुने पत्रे असतील त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

पश्चिमेची भिंत कंबरेपर्यंत ठेवली. आपल्याकडे दुपारनंतर समुद्राचा वारा त्याच दिशेने येतो आणि जूनपासून पाऊसही तिकडूनच झोडपतो. वारा तर हवा, पण झड नको. म्हणून वर बांबूचा पडदा टांगला, तो हवा तेव्हा गुंडाळता येतो. जमिनीवर शहाबादी फरशी घातली. गोठ्याच्या जमिनीला नालीकडे उतार असतो. गवंड्याला तो भरून काढायचा होता. आम्ही म्हटले, राहू द्या; झडीचे पाणी आपोआप वाहून जाईल.

इतके सारे शहाणपण सुचले; पण एक गोष्ट विचारायची राहून गेली, आणि तीच महत्त्वाची होती. पूर्वेच्या भिंतीलगत दगडमातीची गव्हाण होती. जागा अडते म्हणून ती काढून टाकण्यास आम्ही गवंड्याला सांगितले आणि बाजारात गेलो. परत आलो तेव्हा गोठ्याच्या दारात काठी टेकून वडील उभे होते. सत्तावीस वर्षांनी ते तेथवर आले होते, ते घणाचा आवाज ऐकून. "ती राहू दे," असे त्यांनी गवंड्याला सांगितले होते. पण तोवर दोन हिस्से गव्हाण फुटली होती. ते आमच्यावर रागावले नाहीत. उरलेल्या कडेवरून त्यांनी हात फिरवला. म्हशींच्या मानांनी घासून घासून ती कड गुळगुळीत झाली होती. आम्ही त्या गोठ्यात लहानाचे मोठे झालो, पण तो गुळगुळीतपणा आमच्या कधी ध्यानात आला नव्हता.

आम्हांला लाज वाटली ती दुसऱ्याच कारणाने. दर डिसेंबरात ओटीवर बांबूच्या काड्या, गवत आणि रंगीत कागद आणून आम्ही नाताळचा गोठा सजवतो. त्यातल्या वीतभर गव्हाणीसाठी पोरे पेंढा शोधत हिंडतात. आणि खरीखुरी गव्हाण आम्ही दोन खुर्च्यांच्या जागेसाठी फोडली! 1223 च्या नाताळात संत फ्रान्सिस असिसीकरांनी ग्रेच्चो येथे पहिल्यांदा असा देखावा उभा केला, तेव्हा त्यांनी खरी गव्हाण, खरे गवत, खरा बैल आणि गाढव आणवले होते. लोकांनी ते डोळ्यांनी पाहावे, अशी त्यांची इच्छा होती. आठशे वर्षांनी आम्ही खरे फोडून खोटे सजवत होतो.

गव्हाणीचा उरलेला तिसरा हिस्सा आम्ही चुन्याने सांधून ठेवला. पत्नीचा विचार त्यात फुलझाडे लावण्याचा होता. तो तिने आपण होऊन सोडला. 2023 चा नाताळचा गोठा आम्ही ओटीवर मांडला नाही, त्या गव्हाणीत मांडला. त्या संध्याकाळी वडील आत आले, पेंढा हाती घेतला आणि म्हणाले, "असा नाही घालायचा. खाली जाड, वर मऊ." मग वाकून त्यांनी तो स्वतः अंथरला. नातवंडे पाहत होती. जनावरांखाली पेंढा कसा पसरतात, हे त्यांना सांगणारे आता घरात दुसरे कोणी नाही.

आता ते रोज संध्याकाळी तेथे बसतात. पण आपण समजतो तसे स्वस्थ नव्हे. मांडीवर सूप आणि हातात वालाच्या शेंगा असतात. आमची समजूत अशी, की विसावा म्हणजे काम नसणे. त्यांचे तसे नाही. हात चालू असले म्हणजेच त्यांचे मन बसते. पूर्वी कुंपणापलीकडून नुसती मान हलवणारे शेजारीही शेंगा सोलायच्या निमित्ताने आत येतात, आणि दिवेलागण झाली तरी उठत नाहीत. भाड्याच्या चार खोल्यांत हे आले नसते, असे आम्ही म्हणतो. भाडे आले असते, असे आप्तेष्ट म्हणतात. दोन्ही खरे आहे.

नवा पाहुणा बसला की हमखास तक्रार करतो, "तुमची खुर्ची जरा कलते हो!" खुर्ची ठीक आहे, जमिनीला उतार आहे, असे आम्ही सांगतो. उतार कशासाठी, असे तो विचारतो. मग वडील सूप बाजूला ठेवतात आणि पहाटे तीनपासून सांगायला सुरुवात करतात.