यात्रेचं चित्रण आणि काळी चौकट

संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते. संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, सात नंदीध्वज निघतात आणि गर्दीतून मोबाइल वर उठतात. घरी हे चित्रण संगणकावर उतरवलं, की फोटो सांभाळणारं सॉफ्टवेअर कधीकधी नुसती काळी चौकट दाखवतं.

फाइल बिघडली समजून ती पुसणारे पाहिले की जीव कळवळतो.

फाइलच्या नावाअखेर दिसणारी एमपी४, एमओव्ही ही नुसती वेष्टनं. आत चित्र कोणत्या पद्धतीनं दाबून बसवलंय, हा खरा प्रश्न. २००३ सालचं एच.२६४ जवळपास सगळीकडे चालतं. २०१३चं एचईव्हीसी तेवढ्याच दर्जासाठी साधारण निम्मी जागा घेतं, म्हणून २०१७पासून नवे आयफोन तेच वापरू लागले. जुन्या सॉफ्टवेअरकडे ते उलगडणारा कोडेक नसतो. फाइलचं नाव बदलून तो कुठून येणार?

आधी व्हीएलसी या प्लेअरमध्ये लावून पाहावं. चाललं, तर मूळ फाइल जपून हँडब्रेक या रूपांतर करणाऱ्या साधनानं एच.२६४ प्रत काढावी.

तिथेही चाललं नाही, तर चित्रीकरण मध्येच तुटलेलं असू शकतं. एमपी४ची अनुक्रमणिका बहुधा शेवटी लिहिली जाते. बॅटरी आधीच संपली, तर ती लिहायची राहूनच जाते. अशा वेळी त्याच मोबाइलवरची धड फाइल नमुना म्हणून दिली, तर ‘अनट्रंक’ हे मोफत साधन कित्येकदा चित्रण परत मिळवून देतं.