पिटेझरीची जाळरेषा

नागझिऱ्याला लोक वाघ पाहायला जातात. आम्ही मार्चमध्ये शाळेची सहल नेली पिटेझरी फाटकाला, आणि पाहून आलो एक रिकामी पट्टी!

साकोलीहून उत्तरेकडे निघालं की धानाच्या बांध्या आणि बोड्या मागे पडतात. मग साग, ऐन, तेंदू, मोह. उन्हाळ्यात पानगळ अशी, की पाय टाकला की चुरचुर आवाज. आग पसरते ती या पाल्यावरूनच. म्हणून पाला जाळून-झाडून जमिनीची लांब पट्टी मोकळी करतात. तिला म्हणतात जाळरेषा. आग तिथवर येते आणि खायला काही नसल्यामुळे थांबते.

वनरक्षकभाऊंनी आम्हाला पाला उडवणारं ब्लोअर यंत्र दाखवलं. सगळ्यांना ते पाठीवर घ्यायचं होतं. मलासुद्धा!

मग भाऊ जरा गप्प झाले. 8 एप्रिल 2021 रोजी नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात वणवा लागला होता. विझवायला गेलेल्यांपैकी तीन हंगामी वनमजूर त्या दिवशी गेले, दोघं गंभीर भाजले. आग आटोक्यात येत होती, तेवढ्यात जोराचा वारा सुटला.

"मंग ते पळाले काहून नाही जी?" आमच्या चौथीतल्या एकाने विचारलं.

भाऊंनी काडी पेटवली. आधी टोक वर धरलं, मग खाली. खाली धरल्यावर ज्योत सरसर वर चढली. डोंगरउतारावर असंच होतं. ज्वाळेच्या आचेनं वरचा पाला आधीच तापतो आणि आग चढावर माणसापेक्षा जोरात धावते. माणूस मात्र चढावर दमतो.

घरी येऊन मी जुनी टिपणं काढली. 1949 साली अमेरिकेत, मोंटाना राज्यातल्या मान गल्च नावाच्या दरीत असाच वारा फिरला आणि 13 जवान गेले. त्यांचा नायक वॅगनर डॉज याने पळता पळता पुढचं गवत स्वतःच पेटवलं आणि त्या जळलेल्या जागेत तो पालथा पडून राहिला. आग बाजूनं निघून गेली. तो वाचला. पण इतरांना तो काय करतोय हेच कळलं नाही. अशा अनेक आगींचा अभ्यास करून 1957 मध्ये तिथे दहा नियम ठरले. पहिलाच नियम हवामानाची माहिती ठेवण्याचा. सुटकेची वाट आधी ठरवा, हाही त्यातलाच. अपघाताच्या चौकशीत लोक दोषी कोण ते शोधतात. मला वाटतं, वारा कधी फिरला, कोण कुठे उभा होता, हे लिहून ठेवणं जास्त गरजेचं.

आपल्याकडे 14 एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात, तो 1944 च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या 66 जवानांसाठी. वनमजुरांच्या अंगावर मात्र गणवेशही नसतो.

आता उपग्रहाला आग दिसली की वनखात्याच्या मोबाइलवर संदेश येतो. पण ती लागते कशी? पुष्कळदा मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला पेटवतात, तिथून.

हे ऐकून एक मुलगी खाली बघायला लागली. तिची आजी तेच करते.

सोमवारी ती शाळेत आली ती सांगतच, "सर, आजीनं मोहाखाली जुनं लुगडं अंथरलं. फुलं स्वच्छ येतात म्हणते!"