शेजारच्यांचं काही सांगता येत नाही

मला मत देता येत नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचताना तुम्ही विचारणारच, मग तुझं काय जात होतं?

२०१९-२० मध्ये मी बॉस्टनला लागून असलेल्या सॉमरव्हिलमध्ये राहत होते, विद्यार्थी व्हिसावर. अमेरिकेच्या कायद्यानुसार माझ्यासारख्या परदेशी माणसाला तिथल्या उमेदवाराला एक डॉलरही देता येत नाही. प्रचाराच्या ऑनलाइन दुकानातून टी-शर्ट घेतला तरी ती देणगीच धरतात, म्हणून तोही नाही. माझ्या उमेदवाराच्या दुकानात ‘अब्जाधीशांचे अश्रू’ असं लिहिलेला कॉफीचा मग मिळायचा. तो मला फार हवा होता. फुकट राबायला मात्र पूर्ण मुभा होती. दारं वाजवा, फोन लावा, खुर्च्या मांडा. थोडक्यात, सतरंज्या उचलायला परवानगी होती.

उमेदवार म्हणजे एलिझाबेथ वॉरन. मॅसॅच्युसेट्सच्या सिनेटर. मी घरी फोनवर त्यांना ‘बाई’ म्हणायचे. एक तर त्या खरंच बाई होत्या, म्हणजे सुरुवातीला शाळेत विशेष मुलांना शिकवलेल्या आणि पुढे वर्षानुवर्षं कायदा शिकवलेल्या. दुसरं म्हणजे त्यांचं भाषण शाळेतल्या चांगल्या बाईंच्या तासासारखं असायचं. पाच कोटी डॉलरच्या वर ज्याची संपत्ती आहे त्यानं वरच्या प्रत्येक डॉलरमागे दोन सेंट द्यायचे, आणि त्यातून पाळणाघरं, कॉलेजची फी, विद्यार्थ्यांची कर्जं असा हिशेब. समोरची गर्दी दोन बोटं वर करून ‘टू सेंट्स, टू सेंट्स’ ओरडायची. संपत्ती कराच्या नावानं घोषणा देणारी गर्दी मी तोवर पाहिली नव्हती.

सभा संपली की सेल्फीची रांग. बाई शेवटचा माणूस जाईपर्यंत थांबायच्या. रांगेत छोटी मुलगी असली की खाली वाकून तिला सांगायच्या, मी राष्ट्राध्यक्षपदासाठी उभी आहे, कारण मुली हेच करतात. मग दोघी करंगळीत करंगळी अडकवून वचन द्यायच्या. आपल्याकडे करंगळी पुढे केली की कट्टी. तिथे ती वचनाची खूण. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी क्षणभर दचकले होते.

आता प्रायमरीबद्दल थोडंसं. आपल्याकडे पक्षाचं तिकीट दिल्लीत किंवा मुंबईत ठरतं, आणि ते का मिळालं किंवा कापलं हे कुणाला नीट कळत नाही. अमेरिकेत पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार राज्याराज्यांतले मतदार निवडतात, महिनोन्महिने, एकामागून एक. प्रत्येक राज्याचे ठरावीक डेलिगेट असतात. डेमोक्रॅटिक पक्षात साधारण पंधरा टक्के मतं पडली नाहीत तर डेलिगेट मिळत नाहीत. २०२० मध्ये सुरुवात आयोवानं झाली, मग न्यू हॅम्पशायर. न्यू हॅम्पशायर बॉस्टनहून तासाभरावर, म्हणून आमच्या शनिवार-रविवारच्या वाऱ्या तिकडे.

गाडी माझ्या लॅबमधल्या मैत्रिणीची. ती मॅसॅच्युसेट्सचीच. मला प्रचारात तिनंच ओढलं होतं. मतदानाच्या आधीच्या शनिवारी, ८ फेब्रुवारीला, आम्ही नॅशुआत होतो. रस्त्याकडेला बर्फाचे ढीग, हातात पत्रकं, फोनच्या ॲपमध्ये गल्लीतल्या मतदारांची यादी. मोजे काढल्याशिवाय स्क्रीन चालत नाही आणि काढले की बोटं चालत नाहीत. प्रत्येक दारानंतर ॲपमध्ये एक ते पाच आकडा भरायचा. एक म्हणजे पक्कं आपलं मत, पाच म्हणजे पक्कं विरोधात.

एका आजींनी मला आत घेतलं. हीटरजवळ उभं केलं. बाईंना त्या दोनदा भेटल्या होत्या. न्यू हॅम्पशायरमध्ये त्याचं कुणाला अप्रूप नसतं. पाळणाघरांच्या योजनेचे तपशील त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होते. मी मनात ‘एक’ भरूनही टाकला. मग त्या म्हणाल्या, मला ती सगळ्यात आवडते, पण या वेळी ट्रम्पला हरवायचंय. मी देईन गं मत, शेजारच्यांचं काही सांगता येत नाही. बाईमाणसाला देतील?

त्याच गल्लीत, तीन घरं सोडून, एक मध्यमवयीन जोडपं. नवरा म्हणाला, सगळ्यात हुशार तीच आहे. बायको म्हणाली, पण देश तयार नाही. चार वर्षांपूर्वी पाहिलं ना? तिचा रोख हिलरी क्लिंटन यांच्याकडे होता. त्यांना २०१६ मध्ये ट्रम्प यांच्यापेक्षा अठ्ठावीस लाखांहून जास्त मतं पडली आणि तरी त्या हरल्या. मग तिनं रस्त्याकडे हात करून सांगितलं, या गल्लीतली म्हातारी माणसं कधीच देणार नाहीत.

मला आजींच्या घराकडे बोट दाखवावंसं वाटलं. पण कुणी काय सांगितलं ते दुसऱ्या दारात बोलायचं नसतं. मी ‘तीन’ भरला आणि पुढे गेले.

संध्याकाळी गाडीत मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, माझ्या यादीतही असले तिघं होते. आम्ही खूप हसलो. तिकडच्या राजकारणात या गोष्टीला ‘इलेक्टेबिलिटी’ म्हणतात. आपल्याकडे तिकीटवाटपाच्या बातम्यांत ‘इलेक्टिव्ह मेरिट’ म्हणतात. उमेदवार कसा आहे हा प्रश्न बाजूला राहतो आणि इतरांना तो कसा वाटेल याचा अंदाज सुरू होतो. ते इतरही तुमच्याचबद्दल अंदाज करत बसलेले असतात.

हसता हसता मला कसंतरी झालं. ते वाक्य मी आधी कुठेतरी ऐकलं होतं, पण कुठे ते आठवायचं मी टाळलं.

न्यू हॅम्पशायरमध्ये बाई चौथ्या आल्या. सत्तावीस हजारांवर मतं, नऊ टक्क्यांच्या आसपास. डेलिगेट शून्य. आयोवात तिसऱ्या आल्या होत्या. नेवाडात पुन्हा चौथ्या, साउथ कॅरोलायनात पाचव्या. जेमतेम चार महिन्यांपूर्वी, ऑक्टोबरमध्ये, काही राष्ट्रीय पाहण्यांत त्या पहिल्या होत्या.

सगळं खापर शेजाऱ्यांवर फोडणं खरं होणार नाही. सगळ्यांसाठी सरकारी आरोग्य विम्याचा खर्च कसा भागवणार हे त्यांनी तपशिलात मांडलं आणि तेव्हापासून आकडे घसरत गेले. डावीकडच्यांना त्या कच्च्या वाटल्या, मधल्यांना जहाल. आमच्या प्रचार कार्यालयात बघितलं तरी कळायचं: बहुतेक सगळे गोरे, बहुतेक सगळे पदवीधर, निम्म्यांच्या हातात पुस्तक. साउथ कॅरोलायनाच्या कृष्णवर्णीय मतदारांनी बायडेन यांना का उचललं, याचं उत्तर त्या खोलीत बसून मिळणार नव्हतं. हे मला तेव्हाही दिसत होतं. पण आपलं माणूस हरत असताना त्याच्या चुका मोजायला मन होत नाही.

३ मार्च, सुपर ट्यूजडे. एकाच दिवशी चौदा राज्यांत मतदान, त्यात आमचं मॅसॅच्युसेट्सही. आदल्या दोन दिवसांत बुटिजेज आणि क्लोबुचर यांनी माघार घेऊन बायडेन यांना पाठिंबा दिला होता. मी सकाळपासून मतदान केंद्राबाहेर फलक धरून उभी होते. तिथे दीडशे फुटांच्या आत प्रचार करता येत नाही, म्हणून लांबच. लोक जाता-येता अंगठा दाखवत होते, गाड्यांचे हॉर्न वाजवत होते. मला वाटलं, घरच्या मैदानावर तरी जिंकतोय.

संध्याकाळी मैत्रीण सूप घेऊन आली. मी तिचे हात धरून म्हटलं, दिलंस ना मत? ती जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, मी बायडेनला दिलं. आता बाई येत नाहीत गं. मला नोव्हेंबरमध्ये ट्रम्प जायला हवाय.

तिची गाडी, तिचं पेट्रोल, तिची तीन महिन्यांची प्रत्येक सुट्टी. आणि मत दुसऱ्याला. मी तिला वाटेल ते बोलले. मला मत देता येत नाही आणि तुला येतं तर तू असं करतेस, हेही. ती रडली. सूप तसंच राहिलं. रात्री निकाल आला: मॅसॅच्युसेट्समध्ये बायडेन पहिले, सँडर्स दुसरे, आमच्या बाई स्वतःच्या राज्यात तिसऱ्या.

त्या रात्री झोप आली नाही आणि टाळलेली गोष्ट आठवलीच.

माझी आत्या सांगली जिल्ह्यात एका गावात राहते. महिला राखीव जागेवरून ती पाच वर्षं सरपंच होती. पाणीयोजनेचं वीजबिल थकलं तेव्हा घरोघर फिरून तिनं पाणीपट्टी गोळा केली होती, भांडणं अंगावर घेऊन. २०१७ च्या जिल्हा परिषद निवडणुकीत तिला उभं राहायचं होतं. गट खुला होता, महिलांसाठी राखीव नव्हता. पक्षाच्या इच्छुकांच्या मुलाखती ठरल्या होत्या. घरात सगळे म्हणाले, ओपन सीटवर बाईला कोण विचारतंय. तिनं मला पुण्यात फोन केला. घरातली सगळ्यात शिकलेली म्हणून.

“तुला काय वाटतं गं?”

मी म्हटलं, “आत्या, तू चांगलीच आहेस. मी तर डोळे झाकून मत देईन. पण लोक देतील का? कशाला उगाच पडायचं?”

“बरं,” ती म्हणाली. मुलाखतीला ती गेलीच नाही.

तेव्हा मला वाटलं होतं, मी तिला अपमानापासून वाचवलं. नॅशुआतल्या आजींनाही नेमकं तसंच वाटत असणार. आणि मैत्रिणीलाही. तिच्याकडे निदान कारण तरी होतं.

५ मार्चला बाईंनी केंब्रिजमधल्या आपल्या घराबाहेर उभं राहून माघार जाहीर केली. करंगळीवाल्या त्या सगळ्या छोट्या मुलींना आता आणखी चार वर्षं थांबावं लागेल, हे सांगताना त्यांचा आवाज कापला. मी लॅबमध्ये फोनवर बघत होते. मैत्रीण येऊन शेजारी उभी राहिली. दोन दिवस आम्ही बोललो नव्हतो. मी इअरफोनचं एक टोक तिच्याकडे दिलं.

आठवड्याभरात कोविडमुळे लॅबच बंद झाली. नोव्हेंबरमध्ये बायडेन जिंकले. मग मैत्रीण बरोबर होती का? असेलही. पण वॉरन उभ्या असत्या तर काय झालं असतं, हे तपासायची सोय नाही. म्हणूनच या अंदाजावर कधी चूक ठरायची वेळ येत नाही.

मार्चच्या शेवटी, भारतात लॉकडाऊन लागल्यावर, मी आत्याला फोन केला. तिकडे किराणा मिळतोय का, खोकला नाही ना, हे सगळं झालं. मग मी विचारलं, “आत्या, झेडपीला तू उभी राहिली असतीस तर काय झालं असतं?”

“आता कुठं तुला ते आठवलं?” ती हसली. “पडलेच असते की बहुतेक.”

“मग मी सांगितलं ते बरोबरच होतं?”

थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज येत राहिला.

“तसं नव्हं पोरी. पडले असते तर किती मतांनी पडले, ते तरी कळलं असतं. दुसऱ्या खेपेला तिथनं सुरुवात केली असती.”

मी सॉरी म्हटलं. तिला ते इंग्रजी सॉरी आवडत नाही. ती म्हणाली, “राहू दे. तुझ्या त्या बाईला किती पडली?”

मी न्यू हॅम्पशायरचा आकडा सांगितला, सत्तावीस हजार.

“म्हणजे हायत की माणसं,” आत्या म्हणाली. आणि मग कुकरची शिट्टी झाली म्हणून तिनं फोन ठेवला.