मोर्चा संपल्यावर बसायचं कुठं?

सत्ता मुंबई-दिल्लीत असते. ती निवडून येऊन मिळवायची, नाहीतर रस्त्यावर उतरून झुकवायची, असं मी वर्षानुवर्षं मानत आलो. गावपातळीवरच्या कामाला मी समाजसेवा म्हणत असे, राजकारण नव्हे. आज मला तसं वाटत नाही. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या लहानशा गोंड गावानं माझं मत बदललं.

‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा मला आधी नुसतीच आकर्षक वाटली होती. तिचं वजन कळलं ते बांबूमुळे. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू हे गौण वनोपज आहे, म्हणजे त्यावर हक्क गावाचा, असं २००६ च्या या कायद्यातच स्पष्ट लिहिलंय. तरी वनखातं वाहतूक परवाना देईना. परवान्याशिवाय बांबू गावाबाहेर नेता येत नाही, म्हणजे हक्क कागदावरच. गाव हटलं नाही. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्यात येऊन परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं.

एवढा चिवटपणा आला कुठून? गावातले नेते देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीनं गावानं एक रीत लावून घेतली. अभ्यासगटात विषय समजून घ्यायचा, निर्णय मात्र ग्रामसभेत सर्वसहमतीनंच करायचा. एकाचाही विरोध असला तर थांबायचं, पुन्हा बोलायचं. हात मोजण्याची सवय असलेल्या मला हे लोढणं वाटे. आता वाटतं, ज्या निर्णयात गावातलं कुणीच हरलेलं नाही, त्या निर्णयाला बाहेरच्या कुणाला फोडता येत नाही.

मोर्चे मी सोडलेले नाहीत. देशभरातल्या आदिवासींच्या लढ्याशिवाय वनहक्क कायदा झालाच नसता. मेंढ्याची वाटही ऐंशीच्या दशकातल्या इंचमपल्ली-भोपालपट्टणम धरणविरोधी आंदोलनातूनच निघाली. पण आता प्रत्येक आंदोलनात मी विचारतो : मागणी मान्य झाली, तर उद्यापासून हे चालवणार कोण? कुठं बसून ठरवणार?

ग्रामसभा तुमच्याही गावी आहे. वर्षातून किमान चार व्हायला हव्यात. कितीतरी ठिकाणी सभेऐवजी तिची वहीच घरोघर फिरते आणि सह्या होतात. पुढच्या वेळी घरबसल्या सही देऊ नका. सभेला जा, मागचं इतिवृत्त वाचून दाखवायला सांगा आणि तुमचं म्हणणं त्या वहीत नोंदवून घ्या.