नकाराचे मोल

पेढीचा कारभार तीन पिढ्या घरच्याच माणसांनी पाहिला होता. सुकामेव्याचा हा व्यापार मस्जिद बंदरच्या गल्लीतून वाशीच्या मसाला बाजारात आला, गोण्या जाऊन कंटेनर आले. तरी नेमणूक करताना ‘आपला माणूस’ ही एकच पात्रता पुरेशी मानली जाई. म्हणूनच सीमाशुल्क आणि मालवाहतूक यांसाठी बाहेरून प्रमुख अधिकारी नेमावा असे पुतण्याने सुचविले, तेव्हा थोरल्या काकांनी काही दिवस उत्तरच दिले नाही.

नेमणुकीची गरज मात्र खरी होती. २०११ साली सीमाशुल्क कायद्यात स्वयं-आकारणी आली. तेव्हापासून मालाचा आठ अंकी वर्गीकरण क्रमांक, त्याची किंमत, मूळ देश आणि लागू होणारी सवलत हे सारे आयातदारानेच जाहीर करावयाचे असते. बदाम कवचासह आला तर एक क्रमांक, सोलून आला तर दुसरा, दरही निराळा. २०२० पासून तर व्यापार कराराची सवलत घेताना मूळ देशाचा दाखला जोडून भागत नाही. माल खरोखर तेथला कसा, याची माहिती आयातदारापाशी असावी लागते. हेतुपुरस्सर खोटे निवेदन ठरले, तर पाच वर्षांमागच्या मालावरही मागणी निघू शकते आणि बुडालेल्या कराइतका दंड बसू शकतो. कागद क्लिअरिंग एजंट भरतो. त्यावर नाव मात्र पेढीचे असते.

पहिले उमेदवार मोठ्या ओळखींचे होते. “बंदरातले सगळे साहेब माझ्या परिचयाचे आहेत, आपण निश्चिंत असावे,” असे त्यांनी आरंभीच सांगितले. काकांनी चहा देऊन त्यांना आदराने निरोप दिला. मग पुतण्याला म्हणाले, “न्हावाशेव्याला उतरलेल्या मालाचे कागद आता दुसऱ्याच शहरातला अधिकारी तपासू शकतो, हे तूच मला सांगितलेस ना? मग यांच्या ओळखी घेऊन आपण काय करायचे? आणि ओळख हीच ज्याची पुंजी, तो उद्या आपल्याला कोणाच्या ऋणात टाकील, सांग बरे.”

दुसऱ्या उमेदवार पन्नाशीच्या बाई होत्या. वीस वर्षे त्यांनी याच कामात घालविली होती, पण शेवटची नोकरी त्यांनी अचानक सोडली होती. पुतण्याला तेच खटकत होते. काकांनी त्यांना एकच प्रश्न विचारला, “आपण आजवर कोणता माल अडवलात?”

बाई क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, “दाखल्यावर एक देश होता आणि जहाजाच्या कागदांवरून माल दुसऱ्याच देशातून निघालेला दिसत होता. विक्रेत्याकडे खुलासा मागितला, तो आला नाही. सवलत न घेता पूर्ण कर भरून माल सोडवावा, असे मी सुचविले. मालकांना ते मान्य नव्हते. मी सही केली नाही, आणि मग तेथे राहिलेही नाही.” त्यांनी जुन्या मालकांविषयी एकही कडवा शब्द काढला नाही, नावही घेतले नाही.

काकांनी चौकशी केली ती मालकांकडे नव्हे, तर पूर्वी बाईंच्या हाताखाली काम केलेल्या एका कारकुनाकडे. तो म्हणाला, “बाई सही करण्याआधी कागद वाचतात, आणि चूक झाली तर आमच्यावर ढकलत नाहीत.” काकांना एवढी शिफारस पुरेशी वाटली.

बाईंच्या अटी पगाराविषयी फारशा नव्हत्या. खरेदीचा सौदा पक्का होण्यापूर्वी कागद त्यांना दाखवावेत. त्यांनी खरेदी विभागाला नव्हे, थेट काकांना उत्तर द्यावे. आणि किती कंटेनर किती लवकर सुटले यावर त्यांचा बोनस ठरू नये. पुतण्या नाराज झाला. “हे तर आपल्याच घरात आपल्याला अडविणारे माणूस नेमणे झाले,” तो म्हणाला. काका शांतपणे उत्तरले, “हो म्हणणारी माणसे पेढीवर पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी एवढा पगार कशाला मोजायचा?”

परीक्षा तीन महिन्यांतच आली. एका विक्रेत्याने सुचविले की मालाची थोडी किंमत वेगळ्या बिलात दाखवू, म्हणजे आकारणी कमी होईल. बाईंनी नकार दिला. सौदा पुतण्याचा होता आणि नफा तुटपुंजा होता. पूर्ण किंमत जाहीर झाली, पूर्ण कर भरला गेला, आणि तो नफाही गेला. त्या रात्री जेवताना पुतण्या बोलला नाही. काकांनीही उपदेश केला नाही. सकाळी बाईंना बोलावून त्यांनी पुढच्या महिन्याचे कागद पाहावयास दिले, इतकेच.

व्यापारात पत मिळवायला पिढ्या लागतात आणि घालवायला एक सही पुरते, हे घरात सर्वांनाच पाठ होते. पण पाठ असणे वेगळे, आणि स्वतःच्या सौद्यावर ते सोसणे वेगळे. पुढच्या सौद्याच्या वेळी फोनवर होकार देण्याआधी पुतण्या उठला आणि विक्रेत्याचे पत्र घेऊन स्वतःच बाईंच्या टेबलाशी गेला. काकांनी चष्म्यावरून ते पाहिले आणि पुन्हा वहीत मान घातली.