पन्नाशीची संध्याकाळ

परवा मला पन्नास पूर्ण झाली. सकाळी बस्तीत अभिषेक, दुपारी पुरणपोळी, लेकीने केलेला बिनअंड्याचा केक. (फुंकर मारून ज्योत विझवणं आमच्याकडे नाही.)

आपली जेवणं दिवस मावळायच्या आत, त्यामुळे संध्याकाळ मोकळी. भांडी घासायला उठले तर सासूबाई म्हणाल्या, "राहू दे. जा, तुझं चित्र काढ." त्यांना आठवत होतं तर! लग्नात आणलेली रंगपेटी सव्वीस वर्षं माळ्यावर होती. रंग पार दगड झालेले. मग दार लोटून पेन्सिलीनेच अष्टमंगल काढायला बसले. छत्र, कलश, आरसा जमले. चामराच्या केसांवर हात थरथरला. खोडलं, पुन्हा काढलं. चारच झाली. कागद टेबलावर तसाच आहे, अजून कोणी उचललेला नाही.